आंबट मोसंबीचं कारण

ब्युरेटमधून थेंब पडत होते आणि रस काही गुलाबी व्हायला तयार नव्हता.

रसाचा आंबटपणा मोजायची पद्धत तशी सोपी आहे. रस मोजून घ्यायचा, पाणी घालून पातळ करायचा, त्यात एका द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. मग ब्युरेट म्हणजे खुणा केलेली काचेची लांब नळी, तिच्यातून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. सोड्यानं सगळं आम्ल संपवलं की रस गुलाबी होतो. जितका सोडा जास्त लागला, तितका रस आंबट. मोसंबी या बाबतीत फार गुणी फळ. चार थेंबांत लाजून गुलाबी होतं. त्या दिवशी मात्र मी नेहमीच्या खुणेवर पोचले, ती ओलांडली, बरीच पुढं गेले, तेव्हा कुठं रंग आला. मी पुन्हा केलं. उत्तर तेच. आमच्या स्पेकमध्ये, म्हणजे माल घ्यायच्या ठरलेल्या निकषांत, जितका आंबटपणा चालायचा, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रस तयार करणाऱ्या एका फॅक्टरीत क्यूसी केमिस्ट होते. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल. आलेला माल तपासायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि गाव एकदम वयात आल्यासारखं वागत होतं. एमआयडीसीत दर महिन्याला नवी शेड उभी राहायची. दुसरीकडं विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं. मोर्चे, बंद, रास्ता रोको, मधूनच संचारबंदी. आम्ही सकाळी डबा घेऊन निघायचो ते संध्याकाळी कुठल्या रस्त्यानं परत येऊ हे माहीत नसताना.

त्यामुळं आमच्या फॅक्टरीची एक मोठी सोय झाली होती. काहीही बिघडलं की कारण तयार असायचं. बॉयलर बंद पडला, आंदोलन. बाटल्यांची बुचं कमी आली, आंदोलन. कॅन्टीनच्या आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हाही आचारी रस्ते बंद असल्याचं काहीतरी सांगत होता.

मी आकडा घेऊन पर्चेस मॅनेजर जोगळेकरांकडं गेले. जोगळेकर साहेब पुण्याहून बदलून आलेले. येऊन तीन वर्षं झाली होती, पण रोज सकाळी ते नुकतेच उतरल्यासारखे दिसायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रश्नापेक्षा उत्तर आधी सुचायचं.

"कुणाचा माल?" त्यांनी विचारलं.

"दादाराव साळवे. लासूर स्टेशनजवळचे. नवीन सप्लायर आहेत, पहिलाच माल."

"तोच तो टेम्पो. पडेगावला दोन दिवस अडकला होता, रास्ता रोकोत. उन्हात फळ आंबलं. त्यात काय एवढं? रिजेक्ट करा, लिहून टाका."

मी लिहून टाकलं. आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना कारणाचा होता. त्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'आंदोलनामुळे वाहतुकीस विलंब, सबब माल आंबट.' 'सबब' हा शब्द मला फार आवडायचा. तो लिहिला की तपासणी झाल्यासारखं वाटायचं.

टेम्पोजवळ दादाराव उभे होते. पन्नाशीचे, किडकिडीत, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. दोन रात्री रस्त्यावर काढून हा शर्ट इतका पांढरा कसा राहिला, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. मी त्यांना माल नापास झाल्याचं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. खिशातून चाकू काढला, वरचंच एक फळ कापलं आणि अर्धं माझ्या नाकाखाली धरलं.

"म्याडम, आंबली म्हंता. मग वास कुठंय?"

वास नव्हता. फळ टणक, साल ताजी, रस स्वच्छ.

"झाडावून तोडलेली मोसंबी आंबट व्हत नसती," ते म्हणाले. "ठिवली तर उलट गोडावती. आमच्या म्हातारीलाबी ठावं हाय हे. अन् दुसरं सांगतो. पडेगावला गाडी अडली त्याच दिशी मी रस्त्यावर बसलेल्या पोरांना टोपलंभर फळं वाटली. मीबी त्यांच्यातच बसलो व्हतो. पोरांनी एक फोड खाल्ली अन् मीठ मागितलं. तवा उन्हात एक घंटाबी झाला नव्हता गाडीला."

"म्हणजे आधीपासूनच आंबट होती?"

"व्हय. नवी बाग हाय. पहिल्या बहाराची फळं जरा आंबट असत्यात, आसं मला वाटलं."

मी एमएस्सी होते. रस्त्यावर मीठ मागणाऱ्या पोरांकडं माझ्यापेक्षा चांगला पुरावा होता. कान लाल झाले माझे.

इथं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. थोडक्यात आवरते. मोसंबीच्या फोडीत रसाच्या बारीक पिशव्या असतात. त्या पिशव्या पेशींच्या बनलेल्या आणि त्या प्रत्येक पेशीच्या आत आणखी एक मोठा कप्पा असतो. आपण रस म्हणतो तो मुख्यतः या कप्प्यातला. कप्प्याच्या भिंतीत एक प्रथिन बसवलेलं असतं, त्याला प्रोटॉन पंप म्हणतात. हा पंप एकच काम करतो. पेशीची ऊर्जा खर्च करून प्रोटॉन, म्हणजे आम्लाचा आंबट कण, बाहेरून आत ढकलायचा. आत कितीही गर्दी झाली तरी ढकलायचाच. त्याच्या मागोमाग सायट्रिक आम्ल आत साठत जातं. लिंबाचा पंप वेड्यासारखा काम करतो, म्हणून लिंबू लिंबासारखं लागतं. आपल्या मोसंबीचा पंप सरकारी सुट्टीवर असल्यासारखा. म्हणून ती आजाऱ्याला चालते.

असे पंप फक्त फळात नसतात. तुमच्या माझ्या पेशींतही कचरा पचवणारे छोटे कप्पे असतात, तेही असेच पंप आंबट ठेवतात. नाहीतर आत कचरा साठून राहील. हे सगळं मला त्या वर्षी अर्धवटच माहीत होतं. बरंचसं नंतर वाचलं, आणि कुठल्या फळात कुठला पंप किती कामाचा, याचा अभ्यास त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला. पण एक गोष्ट कॉलेजातच शिकवली होती आणि मी ती सोयीस्करपणे विसरले होते. आम्ल भरलं जातं ते फळ झाडावर वाढताना. तोडल्यावर फळ जिवंत असतं, श्वास घेतं, आणि त्यासाठी आतलं आम्ल थोडंथोडं वापरतं. टेम्पोत बसून मोसंबी आंबट होत नाही. पडेगावला दोन दिवस थांबलेलं फळ झालंच तर चिमूटभर कमी आंबट झालं असेल.

मी उलट पावली जोगळेकरांकडं गेले आणि हे त्यांना सांगितलं. चूक सुधारल्याचं समाधान होतं. ते समाधान मिनिटभर टिकलं.

"अस्सं," जोगळेकर म्हणाले. "म्हणजे रस्त्यात काही झालं नाही."

"नाही साहेब."

"मग शेतात झालं. भेसळ. कुठलीतरी आंबट फळं मिसळलीत मोसंबीत." त्यांनी डायरी उघडली. "शनिवारी सप्लायर लिस्टची मीटिंग आहे. भेसळवाल्याचं नाव कायमचं कट करतो आपण. बरं झालं सांगितलंत."

मी दादारावांना फुफाट्यातून उचलून थेट आगीत टाकलं होतं. माल उशिरा आला म्हणून परत गेला असता तर तो एका टेम्पोचा प्रश्न होता. भेसळ म्हणजे माणसाच्या नावाचा प्रश्न.

मी जाऊन त्यांना सांगितलं, कारण न सांगणं मला जमलं नसतं. ते टेम्पोच्या फळीवर बसले.

"म्याडम, आमच्या गावात आमच्या समाजातली ही पहिली बाग," ते म्हणाले. "आठ वर्षं लोकं म्हनत व्हती, ह्यांना कुठं जमतंय बागायत. हे असं नाव घेऊन गावात गेलो तर झाडं तोडावी लागतील मला."

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. मी शनिवारपर्यंत माल 'होल्ड'वर ठेवायला लावला. होल्ड म्हणजे पासही नाही, रिजेक्टही नाही. फळं शीतगृहात गेली आणि दादाराव त्या रिकाम्या टेम्पोतून लासूरला परत गेले.

भेसळ तपासायची युक्ती अवघड नव्हती. तोपर्यंत लॅबला फळ कधी दिसतच नसे. गेटवर दहावीस फळं एकत्र पिळून स्टीलच्या पेल्यात रस यायचा आणि मी तो तपासायची. मोसंबीची तज्ज्ञ म्हणून मी पगार घेत होते, आणि कामावर असताना अख्खी मोसंबी हातात घेतल्याचं मला आठवत नव्हतं. या वेळी मी वेगवेगळ्या क्रेटमधून तीस फळं आणवली आणि एकेकाचा रस वेगळा तपासला. भेसळ असेल तर काही फळं गोड निघतील, काही आंबट. दिवसभर ब्युरेटपुढं उभी राहिले. तीसच्या तीस फळं जवळजवळ सारखीच आंबट. म्हणजे मिसळामिसळ नव्हतीच. सगळा माल एकाच जातीचा होता.

मग मी दुसऱ्या एका शेतकऱ्याची मोसंबी शेजारी ठेवली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. आपल्या मोसंबीच्या सालीवर उभ्या रेघा असतात आणि बुडाशी नाण्याएवढं गोल कडं असतं. दादारावांच्या फळांची साल गुळगुळीत होती. कडं एकालाही नव्हतं.

तीस फळांची साठ अर्धुकं टेबलावर पडली होती. तेवढ्यात सिरप रूमचे ऑपरेटर गफूरभाई सही घ्यायला आले. रसात साखर आणि बाकीचं सामान मिसळायचं काम त्यांचं. वीस वर्षं त्यांची जीभ हीच आमची सगळ्यात जुनी मशीन होती. त्यांनी न विचारता एक अर्धुक उचललं, चोखलं आणि डोळे मिटले.

"मॅडम, ये किसके बाग का है?"

"रिजेक्टमधलं आहे, गफूरभाई. आंबट आहे म्हणून."

"खट्टा है करके रिजेक्ट?" ते माझ्याकडं बघत राहिले. "और मैं रोज टंकी में क्या डालतौं? बोरी की बोरी खट्टा डालतौं. इसमें तो मेरेकू कुछ डालनाच नक्को."

मी खुर्चीवर बसले.

खरंच होतं. मोसंबीचा रस नुसता बाटलीत भरला तर मिळमिळीत लागतो. शिवाय रस पुरेसा आंबट नसेल तर आम्ही देत होतो तेवढ्या उष्णतेनं सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून प्रत्येक टाकीत सायट्रिक आम्ल घालावं लागायचं. लिंबात असतं तेच, पण कारखान्यात तयार झालेलं, पांढऱ्या साखरेसारखं दिसणारं. त्या बोऱ्यांच्या पावतीवर सही माझीच असायची. म्हणजे गेटवर मी आंबट फळ नाकारत होते आणि पन्नास पावलांवर, त्याच फळाला आंबट करायला बोऱ्या पास करत होते. हे करताना मला एकदाही विचित्र वाटलं नव्हतं, याचं मला जास्त विचित्र वाटलं.

मग स्पेकमधला तो आकडा आला कुठून? जुनी फाइल काढली. कंपनी सुरू झाली तेव्हा कुणीतरी फळबाजारातल्या मोसंबीचे निकष जसेच्या तसे उतरवून घेतले होते. सोलून खाणाऱ्याला फळ गोड लागावं म्हणून ठरवलेले निकष. रसाच्या कारखान्याला त्यांचा काही उपयोग आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या 'कुणी'मध्ये सहा वर्षं मीही होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीची जीप घेऊन लासूरला गेले. जात कुठली, हे कळल्याशिवाय मीटिंगमध्ये तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. दादारावांची बाग स्टेशनापासून जवळच होती. झाडं बघून कळत होतं की इथं माणसानं हातानं पाणी घातलंय. झाडावरची फळंही तशीच, गुळगुळीत, बिनकड्याची.

"कलमं कुठून आणली?" मी विचारलं.

दादाराव काही बोलायच्या आत त्यांची बायको कौसाबाई बोलल्या. "इथल्या बागायतदारांकडं डोळे मागाया गेलते हे. त्यांनी दिले नायत."

डोळा म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरचा कोंब. तो काढून रानटी लिंबाच्या रोपावर बसवतात, तेच कलम. डोळा ज्या झाडाचा, फळ त्या झाडाचं.

"का नाही दिले?"

"आता का ते तुमाला काय सांगावं," कौसाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दादारावांनी उरलेलं सांगितलं. त्यांचा मेव्हणा रेल्वेत गँगमन. तेव्हा इथून मीटरगेजची गाडी थेट तेलंगणात जायची. मेव्हण्यानं तिकडच्या नर्सरीतून कलमं घेतली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून, गार्डाच्या हातापाया पडून, लासूरपर्यंत आणली.

"तिकडंबी ह्याला मोसंबीच म्हनत्यात म्याडम," ते म्हणाले. "मेव्हण्यानं चारदा इचारलं व्हतं."

मेव्हणा खोटं बोलला नव्हता. तिकडच्या त्या जातीला सातगुडी म्हणतात. तिथल्या बाजारात मोसंबी मागितली की हीच मिळते. दिसायला बहीण, चवीला जरा तिखट स्वभावाची. मेहनती पंपाची म्हणा. शेजाऱ्यांनी डोळे दिले असते तर दादारावांची मोसंबी गोड निघाली असती आणि गफूरभाईंच्या बोऱ्या चालूच राहिल्या असत्या.

शनिवारी मीटिंग झाली. फॅक्टरी मॅनेजर, आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो, मधल्या खुर्चीत. जोगळेकर डाव्या हाताला, डायरी उघडी. मी तीस फळांचे आकडे मांडले, दोन्ही जातींची फळं टेबलावर ठेवली आणि पंपाबद्दल पाच मिनिटं बोलले. मोठ्या साहेबांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे आपल्या मोसंबीचा पंप आळशी?"

"हो साहेब."

"पर्चेस डिपार्टमेंटपेक्षा?"

जोगळेकर हसले, पण उशिरा.

"भेसळ नसेल, मान्य," ते म्हणाले. "पण स्पेक ते स्पेक. आज आंबट घेतलं तर उद्या प्रत्येक जण आंबट आणेल."

"आणू दे ना साहेब," मी म्हटलं. "आपण दर टाकीत बोरीनं आंबट घालतो." आणि माझ्याच सहीच्या सायट्रिकच्या पावत्या पुढं सरकवल्या.

मोठ्या साहेबांनी पावत्या चाळल्या. मग स्पेकची फाइल बघितली. मग बराच वेळ आम्हा दोघांकडं बघितलं. त्या नजरेत पर्चेस आणि क्यूसी असा भेदभाव नव्हता.

"माल घ्या," ते म्हणाले. "नाव लिस्टवर ठेवा. आणि हा आकडा बदला, बाहेर कुणाला कळायच्या आत."

सोमवारी दादाराव सही करायला लॅबमध्ये आले. मी रजिस्टर उघडून 'रिजेक्ट'वर रेघ मारली आणि शेजारी 'पास' लिहिलं. मी आनंदात होते. त्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. सातवी शिकलेला माणूस. ओळीखाली बोट फिरवत त्यांनी शेवटचा रकाना वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"'आंदोलनामुळे वाहतुकीस विलंब, सबब माल आंबट.' हे काय म्याडम?"

"ते आधीचं आहे. आता माल पास झालाय, त्याला अर्थ नाही."

"अर्थ नाय तर ऱ्हायलं कशाला?" त्यांचा आवाज खालीच होता. "माल तुमी परत धाडला असता तरी मी गप गेलो असतो. पर हे कागदावर नको. उद्या कुनीबी हे वाचून म्हनंल, नामांतरवाल्यांनी माल नासवला. मी सोता बसलो व्हतो तिथं. माझ्याच मालानं आमच्या लोकांवर आळ घ्यायचा का?"

चार दिवस मी त्यांचा माल वाचवायला धडपडत होते, त्यांचं नाव वाचवत होते. माझ्या हातानं, वळणदार अक्षरात, मी आणखी कुणाकुणाचं नाव घालवलं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटली, म्हणजे त्यांच्यापुढं माझी.

क्यूसीच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. पान फाडायचं नाही, शाई पसरायची नाही. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी चूक का झाली ते लिहून सही करायची. जोगळेकर दारात उभे होते. "क्लेरिकल एरर लिहा," ते म्हणाले, आणि मनापासून माझ्या भल्यासाठी म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'वरील कारण न तपासता लिहिले होते. आंदोलनाचा संबंध नाही. चूक माझी.' आणि सही केली.

दादारावांनी तेही बोट फिरवत वाचलं, दोनदा. मग स्वतःची सही केली, सावकाश, पूर्ण नावाची, आणि पेनाला टोपण लावून परत दिलं.

"आता बराबर हाय," ते म्हणाले.

त्या वर्षीच्या माझ्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये 'रेकॉर्ड लिहिण्यात निष्काळजी' असा शेरा आला आणि प्रमोशन एक वर्ष पुढं गेलं. शेरा बरोबर होता. कारणाचा रकाना सगळ्यात शेवटी असतो, तो सगळ्यात शेवटी भरायचा असतो. एवढं कळायला मला एमएस्सीनंतर सहा वर्षं नोकरी आणि एक टेम्पो मोसंबी लागली.